बापूचे तेलाचे ब्रेक

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी त्या मोटारीत होतो. आमच्या बापूची ती उघडी मोटार धावायची झकास, थांबायची मात्र स्वतःच्या मर्जीनं. एकदा ती नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरली, तेव्हा बापूच्या सासऱ्यांनी आपल्या मुलीला दिंडोरीला माहेरी नेलं आणि निरोप धाडला, "मोटार थांबायला शिकली की मुलगी पाठवू."

बापू हवालदिल. उस्मान मिस्त्रीनं विचारलं, "मागचेच ब्रेक बदलू, का चारी चाकांना नवे तेलाचे लावू?" आम्हा मित्रांना मोटारीतलं काहीच कळत नव्हतं, त्यामुळे सल्ला एकमतानं दिला: तेलाचे.

सासरे परीक्षा घ्यायला आले आणि पुढं बापूशेजारी बसले. पंचवटीच्या वळणावर म्हैस आडवी आली.

"थांबवा बघू," सासरे म्हणाले.

बापूनं पाय दाबला. मोटार जागच्या जागी थांबली. सासरे थांबले नाहीत. काचेवरून उडाले ते थेट म्हशीच्या पाठीवर, तेही पगडीसकट.

सासऱ्यांनी तिथंच बसून पगडी नीट केली.

"जावईबापू, मोटार थांबते, खात्री पटली. मुलगी उद्याच पाठवतो."

"मी येतो ना न्यायला, मामा."

"नको. बैलगाडीनं पाठवतो."