साडभाऊच्या गाडीचं रेडिएटर

नाही हो नाही, गाडी माही नाही! काय लावलं सकाळपासून सगळ्याइनं! येणारा थांबते, काच खाली करते, बोनेटकडं पाह्यते, माह्याकडं पाह्यते अन् दात काढून इचारते, "काय भाऊ, गरम झाली काय गाडी?" अरे बाप्पा, वाफ निंघून राह्यली, खाली पाण्याचं थारोळं झालं, मी दगडावर डोकं धरून बसलो, तं गाडीले काय थंडी वाजून राह्यली म्हणून उभी केली मी राजूर घाटात? हाव, गरम झाली! पण गाडी माही नाही! माही गाडी तिकडं वर बुलडाण्यात, हॉलसमोर, लिंबाच्या सावलीत ऐटीत उभी आहे, अन् मी इथं उन्हात दुसऱ्याच्या गाडीची राखण करून राह्यलो...

ओ ओ ओ, निळ्या शर्टवाले भाऊ! त्या झाकणाले हात लावू नका! आत्ताच पुन्हा चालू करून पाह्यली मी, आत पाणी पुन्हा उकळते, झाकण ढिलं केलं की सारं तोंडावर येते, मंग तुम्हाले घेऊन कोण जाईन दवाखान्यात? मी? कोणत्या गाडीत? ह्या? थंडं होऊ द्या तिले. अन् आता थांबलेच आहात, कणसं घेतलीच आहेत, जीपवाला तुमचा तिकडं मोबाइलवर बोलूनच राह्यला, तं बसा. तुम्हाले सांगतो. कोणाले तं सांगू द्या मले!

ही गाडी आहे माह्या साडूची. भगवंतराव. बायकोच्या लहान बहिणीचा नवरा. गाव त्याचं शेगावच्या पलीकडं, खारपाणपट्ट्यात. आता तुम्हाले मालूम आहे, त्या पट्ट्यातलं बोरचं पाणी कसं असते. चहा केला तं मीठ टाकल्यासारखा लागते, बकीट वाळली की आतून पांढरी पडते, साबण लावा, फेस येईन तं शपथ! पण भगवंतरावले त्या पाण्याचा काय अभिमान बाप्पा! "साडभाऊ, आपल्या गावचं पाणी म्हंजे ताकद! मी परगावचं पाणी गाडीले पाजतच नाही, मानवत नाही तिले!" डिक्कीत कायम गावच्या पाण्याच्या कॅना. शिर्डीले जावो का नागपूरले, रस्त्यात थांबते, बोनेट उघडते अन् बैलाले पाजल्यासारखं गाडीले पाजते, वरतून बोनेटवर थापटते, "पे माय, पे."

तं झालं काय, माही गाडी, माही सोताची गाडी, त्यानं नेली होती एकडाव सोयाबीनच्या काढणीत. मी जानेफळचा माणूस, मी म्हणलं साडू आहे, घेऊन जा. त्यानं ते थ्रेशरच्या मागंमागं फिरवली, रेडिएटरच्या जाळीत भुसकट भरलं गच्च, वरून कापसाची रुई चिकटली, हवा जाले भोक नाही, अन् आतून त्यानं पाजलं गावचं पाणी! आतल्या बारीक नळ्यात जमला पांढरा थर. गाडी वापस आणून देली तवा म्हणते कसा, "साडभाऊ, तुमची गाडी उपाशी होती, मी पोटभर पाजून आणली." मी त्याचे आभार मानले हो! आभार!

अन् मंग ते गाडी कोठी गरम झाली सांगा बरं? रोहिणखेडले. सासुरवाडीत! सासऱ्याच्या दारात! सारे पावणे अंगणात खुर्च्या टाकून बसलेले, जवाई आला म्हणून बाया डोक्यावर पदर घेऊन बाहेर आलेल्या, अन् मी ऐटीत ब्रेक मारला, दार उघडलं, पाय खाली ठेवला, अन् पुढून फुस्स्स्स! अशी वाफ, अशी वाफ, सासू दिसे ना! अन् त्या वाफेतून आवाज कोणाचा? भगवंतरावचा! "मामी, मोठे जवाई किटली घेऊन आले, कप काढा!"

हसता? हसा. सारा रोहिणखेड हसला, तुम्ही काऊन मांगं राहाता?

त्या दिवसापासून मी रंगराव नाही राह्यलो, किटलीवाले जवाई झालो. बारसं असो, वास्तुशांती असो, मी दिसलो का भगवंतराव तोंडानं वाफ काढते, फुस्स्स्स, अन् सासरे, आमचे पुंजाजीबुवा, जे आपल्या पोराच्या पास होण्यावर हसले नाहीत, ते धोतराचा सोगा तोंडाले लावून हसतात. मी सांगाले गेलो, म्हणलं मामाजी, हे याच्या खाऱ्या पाण्यानं झालं. तं भगवंतराव म्हणते, "पाण्यानं गाडी कशी बिघडीन? तेच पाणी आम्ही पेतो, आम्ही बिघडलो काय?" आता सासऱ्याच्या घरी बसून याचं खरं उत्तर देता येते काय मले?

तवा मी मनात गाठ मारली. म्हणलं, भगवंतराव, तुही गाडी गरम झालेली मी पाहीन. सासऱ्याच्या डोळ्यासमोर पाहीन. तुह्या त्या पांढऱ्या गाडीच्या तोंडातून वाफ निंघीन, अन् तवा मी कप काढीन!

मंग बदला कसा घ्यावा? लोक भांडतात, कोर्टात जातात. मी गेलो मोताळ्याले मतीनच्या गॅरेजवर. म्हणलं, मतीनभाई, मले सारं दाखव. तो म्हणते, "अरे रंगरावभाऊ, इतना क्या, गाडी छोड जाओ, शाम को ले जाना." मी म्हणलं नाही, मी बसतो. बसलो स्टूल घेऊन. त्यानं पाइप सोडला, आतून जे निंघालं ते पाहून मले वाटलं कोणी चुना कालवला. आत दवा टाकून धुतलं, पुन्हा धुतलं, साफ पाणी येईपर्यंत धुतलं. जाळी आतल्या बाजूनं बाहेर अशी हळूहळू धुतली, जोराचा फवारा मारला का ते पातळ पत्रे वाकतात म्हणे. झाकणाचं रबर बदललं, पंखा पाह्यला, अन् मंग पाण्याच्या जागी भरलं कूलंट. हिरवंगार! काय रंग तो! म्हणलं, पाणी पाजणाऱ्या, पाह्य, याले म्हणतात गाडीची सेवा!

तवापासून माही गाडी म्हंजे काय सांगू! रोज सकाळी चहाच्या आधी मी बोनेट उघडतो. आमची समता म्हणते, "अहो, मले ताप आला होता तवा तुम्ही एकडाव तरी कपाळाले हात लावला काय?" बाई, तुह्या तापानं माही इज्जत नाही गेली! काढणीचा हंगाम आला का मी जाळी साफ करतो, थ्रेशर दिसला का गाडी दुसऱ्या रस्त्यानं घालतो. अन् सासुरवाडीत जाऊन सांगतो बी. मामी, रेडिएटर असं धुवाचं. मामी, झाकण असं पाहाचं. मामी, गरम गाडीत थंडं पाणी टाकलं का इंजिनाले तडा जाते. सासू जनकाबाई बिचारी पोळ्या लाटता लाटता हाव हाव म्हणत जाय.

पण भगवंतरावले? भगवंतरावले मी एक शब्द सांगितला नाही! तो बदला होता माहा! उलट त्यानं कॅन काढली का मीच नरसाळं धरो. "टाका भगवंतराव, टाका! अजून टाका! गावचं पाणी म्हंजे गावचं पाणी!" तो खुश. मले म्हणे, "साडभाऊ, आता तुम्हाले समजलं." मी म्हणो, हाव, आता मले समजलं. रात्री झोपताना मले त्याच्या रेडिएटरमधला थर दिसे, जमून राह्यला, जमून राह्यला, अन् अशी गोड झोप लागे! पाप वाटते काय तुम्हाले? वाटू द्या. तुम्हाले कोणी किटलीवाला म्हणलं नाही कधी.

अन् आज उजाडला तो दिवस! आज साखरपुडा आहे माह्या साळ्याचा, प्रज्वलचा, वर बुलडाण्यात. आता आमच्या सासऱ्याच्या घरची रीत अशी, का पोराच्या साखरपुड्यात नवरीच्या हातात साखरेचा पुडा देते तो घरचा मोठा जवाई. मोठा म्हंजे मी! सासऱ्यानं सोता सांगितलं, "रंगराव, पुडा तुमच्या हातून." नवा सदरा शिवला मी. हा, हाच, ऑइल लागलेला! आरशासमोर उभं राहून समताच्या हातात साखरेचा डबा देऊन पाह्यला, उजव्या हातानं द्याचा का दोन्ही. त्या घरात किटली पुसून टाकाची होती आज मले. बस, एवढंच पाह्यजे होतं.

रोहिणखेडहून निंघालो. पुढं भगवंतरावची गाडी, तिच्यात सासरे, साळा अन् पुडा. मांगं माही, तिच्यात सासू, समता अन् साळी. घाट लागला. सकाळीच कडक ऊन, चढ, पुढं उसाचा ट्रॅक्टर. अन् ह्या वळणावर, इथंच, मी डोळ्यानं पाह्यलं... बोनेटच्या फटीतून एक बारीक पांढरी रेघ निंघाली. मंग दोन्ही बाजूनं. अन् मंग फुस्स्स्स!

काय सांगू तुम्हाले! माह्या लग्नात मले एवढा आनंद झाला नव्हता. मी उतरलो. सावकाश उतरलो. सासरे बाहेर, धोतर सावरून राह्यले. भगवंतरावचं तोंड एवढंसं. मी जवळ गेलो, खाकरलो, अन् म्हणणार, मामाजी, कप काढा... हे असं ओठावर आलं होतं हो! तोच सासू गाडीतून वरडली, "अहो, मुहूर्त चालला! नवरदेवाले रंगरावच्या गाडीत बसवा, ते काही गरम होत नाही!"

ऐकलं? भरघाटात, साऱ्याइच्या समोर! "रंगरावची गाडी काही गरम होत नाही!" माह्या डोळ्यात पाणी आलं. जिंकलो म्हणलं. कोंबले साऱ्याइले माह्या गाडीत, सासरे, सासू, साळा, दोघी बहिणी, पुडा मांडीवर. राह्यली जागा एक, डायव्हरची. अन् इथं घाटात ही गाडी सोडून तं जाता येत नाही. कोणी तं थांबलं पाह्यजे. भगवंतराव म्हणते, "मी थांबतो." अरे थांब नं! तुहीच गाडी, तूच थांब! मी चाबी घेऊन दाराशी पोहोचलो बी होतो. तं सासू काय म्हणते?

"नको बाई! भगवंतरावले गाडीतलं काय समजते? रंगराव थांबतीन. त्याइले रेडिएटरचं सारं समजते!"

सासरे म्हणे, "बराबर आहे." समताकडं पाह्यलं, म्हणलं आता तं ही बोलीन, तं ते म्हणते, "हाव, त्याइले आवडते बी." आवडते! अन् भगवंतरावनं माह्या हातातून चाबी घेतली, डिक्कीतून एक कॅन काढून इथं माह्या पायाशी ठेवली, "थंडी झाली का पाजा तिले, साडभाऊ," अन् दुसरी कॅन माह्या गाडीत ठेवली अन् गेला! माह्या गाडीत, माह्या सीटवर, माहा मान घेऊन!

अन् मंग चालू झालं. साखरपुड्याले जाणारे सारे पावणे याच घाटातून. एकएक गाडी थांबते. सासऱ्याचे भाऊबंद, समताचे मामा, काका, आत्या. "अरे, रंगराव? पुन्हा?" मी म्हणतो, गाडी माही नाही! ते म्हणतात, "असू द्या, असू द्या, कोणाचीही होते गरम." अहो, माही नाही! "हाव हाव," अन् काच वर करून आत हसतात. दिसते मले काचातून! आता मी गळ्यात पाटी बांधू काय? मतीनले फोन केला, तो म्हणे, "निकलाच आहे, रंगरावभाऊ." ते सकाळपासून निंघूनच राह्यला.

थांबा, थांबा, फोन आला... भगवंतराव आहे. स्पीकरवर टाकतो, ऐका तुम्हीच.

"हा, बोला भगवंतराव."

"साडभाऊ! झालं हो, मस्त झालं! मुहूर्त चुकत होता, मामाजी म्हणे तुम्हीच द्या, देला पुडा मी तुमच्या वतीनं. फोटो एक नंबर आला!"

"...बरं केलं."

"अन् ऐका, तुमची गाडी बाकी लय हलगर्जीपणानं ठेवली तुम्ही! बोनेट उघडून पाह्यतो तं काय, आतलं पाणी हिरवंगार! शेवाळ! साडभाऊ, किती महिन्यापासून पाणी बदललं नाही? चारचौघात लाज आली मले. पण मी काही तुमचं नाव बाहेर जाऊ देलं नाही, जेवण होईपर्यंत गाडी थंडी झालीच होती, मी सोता खालचा पाइप काढला, ते सारं हिरवं नालीत सोडून देलं, अन् आपल्या गावचं पाणी भरलं, वरपर्यंत! पाइप जरासा टपकते, पण चालते. हे घ्या, मामाजी बी म्हणून राह्यले, 'भगवंतरावनं रंगरावची गाडी वाचवली.' बसून राहा तिथंच, मी तुम्हाले घ्याले निंघालो, घाट उतरूनच राह्यलो..."

ठेवला.

नाही नाही, मले पाणी नको. कणीस बी नको. बसतो मी आपला दगडावर. तुम्ही फक्त एक करा, तुमच्या जीपवाल्याले आवाज द्या, जीप जराशी पुढं घे म्हणा बाप्पा... इथं अजून एक गाडी उभी राहाची आहे.