एका हाताची ट्रॉली

नमो बुद्धाय, जय भीम.

विहारात जमलेल्या माझ्या बायाबापड्यांनो, तुडीलहून आलेल्या शोभाच्या माहेरच्या माणसांनो, मनोहरभाऊ, मी बसूनच बोलते. माझा डावा पाय मला फार वेळ उभं राहू देत नाही. आणि बोलायचं तरी काय? परवापरवा माझ्या या शेजारणीने चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडण काढलं. आज हिचा फोटो समोर आणि माइक माझ्या हातात. मला हे पटतच नाही.

मनोहरभाऊ लाकूड कापायचे आणि कुठं काय बसवायचं ते त्यांची ही बायको ठरवायची. महाडातल्या किती स्वयंपाकघरांत शोभाने आखलेली कपाटं आहेत! कागदावर नाही आखायची. खडूने ओट्याखाली रेघा मारायची आणि घरच्या बाईला मध्ये उभं करून सांगायची, "हां, आता खोटाखोटा चहा कर." बाईचा हात आपोआप जिथं जाईल तिथं साखरेचा डबा. नवरे मंडळी मध्ये बोलायला लागली तर म्हणायची, "तुमी चहा करता का? नाय ना? मग बाहेर बसा."

मला अर्धांगवायू झाला आणि डावा हात गेला. मुलगा एमआयडीसीत पाळीवर, सून शाळेत शिकवते. दोघं जीव लावणारी. पण मी ओट्यापाशी गेले की, "आई, तुम्ही बसा." एका हाताने ओट्याखालची ट्रॉली ओढली की झटका बसायचा आणि आतल्या बरण्या आडव्या. एकदा तेलाची बरणी पायावर पडली, तेव्हापासून मला ओट्याची बंदीच झाली. प्रेमाने केलेली, पण बंदीच ना? ज्या घरात मी आयुष्यभर रांधलं, तिथं मी पाहुणी झाले. आयतं ताट समोर यायचं आणि अर्धं तसंच परत जायचं.

शोभा भेटायला आली. मी रडत होते. म्हणाली, "रडतेस कशाला गो अक्का? हात गेला, ओटा तर हाय ना जाग्यावर?" आणि खिशातून... खिसा कुठला, कमरेच्या पिशवीतून खडू काढला.

बरण्या पडू नयेत म्हणून तिने ट्रॉलीला चहूबाजूंनी कठडा केला. समोर असा दणकट खटका बसवला की घर हललं तरी ट्रॉली उघडणार नाही. सगळ्यांनी वा वा केलं. मग मी उघडायला गेले. एका हाताने खटका दाबला. ओढू कुठल्या हाताने?

शोभा बघत राहिली आणि फस्सकन हसली. "अक्का, मी तर तिजोरी केली गो! मालकिणीलाच उघडत नाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि तिने ओढणीने स्वतःचा डावा हात कमरेला बांधला. म्हणाली, "आज मी रांधते." डाळ करपवली, पीठ सांडलं, इथं सांगता येणार नाहीत अशा शिव्या दिल्या. मनोहरभाऊ, आठवतं? तुम्ही शोधत आलात आणि तिचा बांधलेला हात बघून घाबरलात. तुम्हाला वाटलं, हिलाही काय झालं की काय!

खटका गेला. ट्रॉलीला मागे जरासा उतार दिला, म्हणजे ती आपली आपण मिटून राहते, आणि ओढायची दांडी लांब केली, म्हणजे उघडल्यावर ती कमरेने अडवून धरता येते. पण खरं सांगू? मी फिदा झाले ती खाचांवर. चौकोनी बुडाच्या बरण्या आणायला लावल्या आणि प्रत्येकीला तिच्या मापाची घट्ट खाच. बरणी पडत नाही, आणि झाकण फिरवताना गरकन फिरतही नाही. धरायला दुसरा हात लागतच नाही. मला म्हणाली, "ही खाच म्हंजे तुझा डावा हात, अक्का. आता कोणाला हाका मारू नको."

त्या दिवशी सुनेला मी माझ्या हातचा चहा दिला. ती रडली, मी नाही रडले.

शोभा गेली आणि तिच्या घरी चूल पेटली नाही. आपल्याकडे अशा घरी शेजारून जेवण जातं. सून म्हणाली, "आई, मी करते." मी म्हटलं, नाही, शोभाच्या घरी आज माझ्या हातचं जाणार. भाकरी मला थापता येत नाही. कुळथाची पिठी आणि भात केला. खाचेने बरणी धरली, मी झाकण काढलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं. मनोहरभाऊ, तुम्ही त्यातले दोन घास खाल्लेत. तुमचे उपकार झाले माझ्यावर.

शोभा, बाई, तू मला माझं घर परत दिलंस.

आता सगळे जरा शांत उभे राहू या. सूनबाई, मला धर, मीही उठते. तुम्ही सगळे तिला हात जोडाल. माझा एकच हात वर येईल. ती रागावणार नाही. दुसरा तिनेच माझ्या ओट्याखाली बसवून दिलाय.