झाकणाची खिडकी

रत्नाबाई : थे खिडकी उघडाले कोनं सांगतलं होतं तुमाले? दामले साहेब काय म्हनून राहिले आयका. उघडू नका म्हनून पाटी लावली होती म्हनते.

टिकाराम : होती न पाटी. मंग? पाटी वाचून आग समजते का?

दामले : टिकारामजी, जास्त बोलू नका. डॉक्टरांनी अजून दोन दिवस दवाखान्यातच पडून राहायला सांगितलंय.

टिकाराम : पडूनच आहो न साहेब. पाय उचलूनच नाही राहिले.

रत्नाबाई : चौदा वर्स झाले यायले तुमच्या कारखान्यात. ताप नाही का पडसं नाही. अन काल उभ्याउभ्या खाली पडले. डॉक्टर म्हनते, गॅस लागला. पन धूर त कमी केला न तुमी? मंग गॅस आला कुठून?

दामले : तो दिसत नाही बाई. त्याला वासही नसतो. कोळसा अर्धवट जळला की होतो. आधी चिमणीतून वर निघून जायचा.

टिकाराम : हिच्या मोर्चानं खाली आनला त्याले. शंभर बाया घेऊन गेली होती गेटवर.

रत्नाबाई : शंभर नाही, चाळीस. अन हौस नवती मले. आंगनात मोहफूल वाळू घातले का सांजेपावतर काळे. माही सासू गोदावरीबाई, खोकलू खोकलू आडवी व्हाची. मंग कोनाले सांगाचं? साहेब, कारखान्याचे इंजिनेर म्हनून तुमीच गेटवर आले होते. बाई, मी काहीतरी करतो म्हटलं होतं.

दामले : म्हटलं होतं. केलंही. चिमणीतून जाणारा गरम धूर नळानं परत आणायचा आणि मँगनीजच्या भाजत्या चुऱ्यातून पुन्हा एकदा खाली ओढायचा. बराचसा गॅस तिथंच जळतो, कोळसाही वाचतो, चिमणीतून थोडाच बाहेर पडतो. जपानमध्ये असं करतात हे मी एका मासिकात वाचलं होतं. चार वर्षं डोक्यात घेऊन फिरत होतो. कागदावर त्यात काही चूक नाही.

रत्नाबाई : मंग चूक कुठं हाय?

दामले : चुरा भाजत पुढं नेणाऱ्या भट्टीच्या पट्ट्यावर झाकण बसवावं लागतं. त्याच्या कडा हवाबंद पाहिजेत आणि गॅस खाली ओढायला मोठा पंखा पाहिजे. मॅनेजरसाहेबांनी झाकण दिलं. पंखा जुनाच ठेवला, त्यामुळं गॅस झाकणाखालीच साठतो. कडांना सुतळी आणि माती भरून घेतली. मी म्हटलं, पंखा येईपर्यंत थांबू. ते म्हणाले, थांबलो तर बाया पुन्हा गेटवर बसतील.

रत्नाबाई : म्हंजे आमचंच नाव पुढं केलं.

दामले : हो.

रत्नाबाई : अन मी नारळ फोडला साहेब. चिमनी साफ दिसली त्या दिवशी, गेटसमोर जाऊन नारळ फोडला. यायच्याच हातात पहिलं खोबरं देल्लं.

टिकाराम : पहिले पट्टा उघडा होता. चुरा कसा भाजते थे मी दुरूनच रंगावरून सांगो. पळसाच्या फुलावानी लाल झाला का बरोबर. पिवळा मारला का कोळसा जास्त. तुमी झाकन ठेवलं अन मले आंधळा केलं साहेब. पहिल्याच पाळीत सारा माल कच्चा. हातात घेतला का भुगा. मॅनेजर सगळ्यायच्या समोर बोलला मले. चौदा वर्सात टिकारामचा माल कच्चा हाय असं कोनी म्हटलं नवतं. मंग म्या खिडकी उघडली, डोकं आत टाकलं, डोळ्यानं पायलं. दुसऱ्या दिवसापासून माल टनटनीत.

दामले : ती खिडकी साफसफाईची होती. पट्टा बंद असताना उघडायची.

टिकाराम : हाव, ठाऊक हाय. पन मी नाही पायलं त कोन पायल?

रत्नाबाई : तुमी चूप राहा. साहेब, थो नळ बंद करून टाका. जुनं होतं तसं करा.

दामले : मग धूर परत गावावर येईल.

रत्नाबाई : येऊ द्या! ... नाही, थांबा. येऊ द्या म्हनाले जातो त बुडी सासू दिसते डोळ्यापुढं. एका महिन्यापासून आंगनात खाट टाकून बसून राहते, तांदूळ निवडते, आल्यागेल्याले हाक मारते. अन नका येऊ देऊ म्हनतो त हे असे पडले. मी काय मांगू साहेब? मांगाले काई उरलंच नाही.

दामले : माझ्या हातात तरी काय आहे? काल यांना इथं आणलं, आणि मी नळाची झडप बंद करायला गेलो. मॅनेजरसाहेबांनी तिच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं. सोमवारी धुराची सरकारी तपासणी आहे, तोवर चिमणी साफ दिसली पाहिजे म्हणाले. पंखा नंतर मागवू. मी घरी जाऊन बसलो. लाज वाटली, पण बसलो.

टिकाराम : आज पट्ट्यावर कोन हाय साहेब?

दामले : तुलाराम.

रत्नाबाई : कोन? माहा भाऊ? थो त कोळशावर होता न!

दामले : पट्ट्याचं काम दुसऱ्या कुणाला येत नाही.

टिकाराम : म्याच शिकवलं त्याले. साळा हाय म्हनून हौसेनं शिकवलं. डोळ्यानं पायल्याबिगर कोनाचं आयकू नको म्हटलं.

रत्नाबाई : अन खिडकी?

टिकाराम : थे बी दाखवली.

रत्नाबाई : माय वो... मी जातो. आत्ताच्या आत्ता जातो.

दामले : तुम्हाला गेटच्या आत सोडणार नाहीत. मोर्चा झाल्यापासून तुमचं नाव चौकीदाराकडे लिहून दिलंय. तुमचा निरोपसुद्धा आत नेत नाहीत.

रत्नाबाई : मंग तुमी जा न! इथं काहून बसले?

दामले : मी तिथूनच आलो.

(टिकाराम उठतो. खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडतो, उभं राहायला जातो, आणि पुन्हा आडवा होतो.)

टिकाराम : साहेब, अजून एक डाव जा. माहं नाव सांगा त्याले. भाऊजीनं म्हटलं, खिडकी उघडू नको. माल कच्चा निघाला त निघू दे म्हना.

दामले : सांगितलं. तुम्ही म्हटलं नव्हतं, तरी तुमचंच नाव घेऊन सांगितलं.

रत्नाबाई : मंग? काय म्हने थो?

दामले : हसला. म्हणाला, भाऊजी असं म्हननारच नाही.