चुन्नीलालचं चित्र

नाई वं पोरी, उठू नको, बस. कागदाले हात नाई लावत मी, टेंभरं इकून इकून हात चिकट झाले माहे. नुसती पाहून राहिली. हा आपल्या देवरीचाच बस स्टँड काढला ना तू? तो नळ, तो वाकडा खांब – हुबेहूब, बाप्पा! कायले काढतेस पण? कॉलेजात सांगितलं? नागपूरच्या? म्हणजे घराचे नक्शे काढाचं शिकून राहिली. बेस आहे. मंग माणसाचं तोंड काढनं तं तुह्या डाव्या हाताचा मळ! एक काढून देशील काय? येत नाई? काऊन नाई येत – सुतार खाट करते, तं त्याले पाट नाई येत काय? काढ न वं माय. ही टेंभरं घे, पिकली आहेत, खा. माह्या पोराचं काढाचं आहे. चुन्नीलाल त्याचं नाव.

हैदराबादले गेला होता. बिल्डिंगीच्या कामावर. तुमी कागदावर काढता, आमची पोरं वर चढून बांधतात – नाई वं, तुले नाई बोलत, तुहा काय दोष. पडला वरून. गाडीत घालून आणला तं तोंड बांधून होतं. आणणारे म्हणे, सोडू नका, आजी, पाहू नका. मी पायच पाहिले. पाय त्याचेच होते. आता अक्ती आली – पितराले जेवू घालाचा दिवस, माहीत आहे ना तुले? औंदा पहिल्यांदा त्याच्या नावाची पत्रावळ मांडाची. सगळ्याच्या घरी फोटो राह्यते, फुलाचा हार राह्यते. आमच्या घरी काय ठेवू? मोबाईल त्याच्यासंगंच फुटला. आधार कार्डावरचा फोटो मोठा कराले नेला, तं नुसतं काळं आलं. सुनेजवळ होते लगनातले – सून गेली. तिनं दुसरं घर केलं. मी नाई नाव ठेवत, तरणी आहे, जलमभर काय माह्या दारात बसून राहील? निरोप धाडला होता, तं फोटो नाई उरले म्हणे. आता नवऱ्यासमोर कोणती बाई म्हणंल का उरले म्हणून? पण नात माह्याजवळ आहे. मंजू. लहान आहे. कोणी पोट्टा मोटरसायकलवर आला का धावते, आजी, हा माहा बाप काय? तिले एक दाखवाले पाहिजे न वं. हा पाह्य, हा तुहा बाप, पड पाया – एवढंच.

हां, काढ. नाक? सरळ होतं. नाई, थांब – बसकं. माह्यावाणी. नाई वं, माह्यावाणी तं त्याच्या बहिणीचं होतं. खोड ते. कपाळ मोठं. डोळे हासला का बारीक होत – सगळ्याचेच होतात, बरोबर बोलली तू. मिशी? होती. कधी ठेवे, कधी काढे. हा कोण काढला? हा तं आमच्या तलाठ्यावाणी दिसते! हासू नको, खोड. पाह्य बरं, कागद फाटंल. दुसरा घे.

काय म्हणलीस? घर? घर कायले विचारतेस, चुन्नीलालचं चाललं न आपलं. राह्यत कोठं होता? बरं, ते तं मी डोळे झाकून सांगतो. आता ते घर नाई, घरकुलासाठी पाडलं – त्यानंच पाडलं अना मंग गेला कामाले. पण काढ. रस्त्याच्या बाजूनं छपरी. छपरीच्या कोनाड्यात कंदील. आत आलं का धानाची कोठी, मातीची, मीच केली होती. मांगं चूल. अना ही भिंत सरळ नको काढू – पोट निघालं होतं तिले, गाभण गाईवाणी. ठेव ते पट्टी बाजूले. हां! असंच. अवं, पण छप्पर काऊन उडवलं? चूल-बिल सारी उघडी पाडली! वरून पाहाल्यावाणी काढतात? वरून तं घार पाहते, माय. समोरून काढ, माणसानं पाहाल्यावाणी.

आता झालं. छपरावरचे कवेलू सुदिक दिसून राहिले. हे माहंच घर. अवं... किती दिवसानं पाहून राहिली मी. इथं बसे तो, या खांबाजवळ. कामावरून आला का चप्पल कोठंबी फेके अना इथं पाय पसरून आवाज दे – माय, पाणी आण. उठून घ्याले काय होते रे तुले, म्हणो मी. आणो मंग. काढ त्याले इथं. बसलेला नाई येत? उभाच येते? चालंल. काढ उभा.

एवढुसाच? अना तोंड? गोल काढून सोडून देलं. असाच काढतात काय तुमच्या कॉलेजात? घर केवढं आहे ते समजाले माणूस काढतात – त्याले तोंडाचं काम नाई, म्हणतेस. हं.

नाई, नाई, नको काढू. राहू दे. पेन्सिल ठेव खाली. तू विचारत होती ना, नाक कसं, मिशी कशी – मले आठवतच नाई, पोरी. भिंतीचं पोट आठवते, त्याच्या टाचेची भेग आठवते, पण तोंड नाई येत समोर. रोज पाहाले बसतो, कोण्यातरी दुसऱ्याचंच येते. कोनाले सांगू? मंजूले सांगू? माय आहो मी त्याची. नऊ महिने पोटात ठेवला अना –

दे तो कागद. घडी नको करू, टोपल्यात सपाट ठेवतो. अना हे पाह्य, नागपूरची गाडी लागली. जा. जागा नाई भेटणार. माह्याकडं पाहून काय राहिली, जा न वं!