पानावरचा निळा ठिपका

समारंभाच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील आदरणीय पाहुणे, आज ज्यांचा निरोप घ्यायचा म्हणून आपण जमलो आहोत ते नाना, त्यांच्या शेजारी बसून मघापासून घड्याळाकडे बघणाऱ्या काकू, आणि सभागृहातल्या माझ्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

काकू, मला कल्पना आहे, नानांच्या औषधाची वेळ होत आली आहे. मी फार लांबवणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

आपल्यापैकी काही जण नानांचे शेजारी म्हणून आले आहेत, काही नातेवाईक म्हणून. त्यांना नाना इतकी वर्षं नेमकं काय करत होते हे अजून नीटसं कळलेलं नाही, असं काकूंनीच मला सांगितलं. तर थोडक्यात सांगते. ‘सांधा’ नावाचं एक फ्रेमवर्क आहे. वेबसाइट बांधायला लागणारे तयार भाग त्यात असतात. एक भाग बटणाचा, एक कॅलेंडरचा, एक फोटोच्या चौकटीचा. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं, एकमेकांना जोडावं आणि आपलं पान उभं करावं. हे सगळं फुकट, आणि आतलं सगळं उघडं. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं. पण सगळ्यांचं काम म्हटलं की शेवटी ते कुणा एकाच्या गळ्यात पडतं. ते नानांच्या गळ्यात पडलं. जगभरातून येणाऱ्या तक्रारी ते वाचायचे आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचे. निवृत्तीच्या वयानंतरही. काकू मान हलवतायत, म्हणजे मी खरं बोलते आहे.

नानांच्या कामाचं मोठेपण आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी फक्त एका तक्रारीची हकिगत सांगणार आहे. ज्यांची ही हकिगत आहे त्या बाई आज इथे सभागृहात आहेत आणि त्यांची परवानगी मी घेतली आहे.

त्या भूगोलाच्या शिक्षिका आहेत. त्यांचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. शेवटच्या आजारात वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा बाईंनी स्वतः शिकून ‘सांधा’ वापरून एक पान बनवलं. त्यावर घरातले सगळे जुने फोटो. त्या पानात त्यांनी नानांनी लिहिलेला एक भाग बसवला होता. पान किती जण बघतायत ते तो भाग दाखवतो, आणि कुणी फोटोवर बोट ठेवलं की तिथे दुसऱ्याला रंगीत ठिपका दिसतो. बाई शाळेतून मधल्या सुटीत पान उघडायच्या, वडील घरून टॅबलेटवर. बाईंचा ठिपका लाल, वडिलांचा निळा. वडिलांना बोलताना धाप लागायची. मग बोलायचं कशाला? लाल ठिपका सहलीच्या फोटोवर गेला की निळा मागोमाग यायचा. एवढं त्यांना पुरायचं.

वडील गेले. बरेच महिने बाईंनी ते पान उघडलं नाही. एके दिवशी उघडलं, तर वर आकडा होता दोन. आणि खाली, त्यांच्या लहानपणच्या एका फोटोवर, निळा ठिपका.

त्यांनी आम्हाला, म्हणजे नानांना आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मला, लिहिलं ते मला अजून शब्दशः आठवतं. “माझी काही तक्रार नाही. हा तुमच्या भागातला दोष आहे की नाही, एवढंच खरं सांगा.”

आम्ही तपासलं. दोष सापडेना. दुसऱ्या कुठल्याही पानावर असं होत नव्हतं. तेवढ्यात बाईंच्या यजमानांचा नानांना फोन आला. मी समोरच बसले होते.

“साहेब, ती शाळेत जाईनाशी झालीय,” ते म्हणाले. “दिवसभर त्या पानासमोर बसते. जेवायला उठवावं लागतं. तुम्ही फक्त दोष आहे म्हणून कळवा आणि तो ठिपका दिसणार नाही असं काहीतरी करून टाका. माझ्यासाठी करा.”

नाना म्हणाले, “करता येईल. दोन ओळींचं काम आहे. पण तो ठिपका खोटा नाहीये. त्या पानावर खरंच कुणीतरी आहे.”

यजमानांनी विचारलं, “कुणीतरी म्हणजे कोण?”

“तेच बघायला येतो,” नाना म्हणाले.

असं कुणी करतं का? आमच्या धंद्यात ‘आमच्याकडे असं घडत नाही’ एवढं लिहून तक्रार बंद करायची पद्धत आहे. नानांनी पिशवी उचलली, मला गाडी काढायला लावली आणि दुपारी आम्ही त्या घराच्या दारात उभे राहिलो.

चांगलं, नीटनेटकं घर. हॉलचे पडदे मात्र ओढलेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर बाई, आणि त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची, कुणासाठी तरी थोडी मागे ओढून ठेवलेली. बाई हळू आवाजात बोलत होत्या. आतल्या खोलीत कुणी झोपलं असलं की बोलतो ना आपण, तसं. नाना त्या रिकाम्या खुर्चीवर बसले नाहीत. स्वयंपाकघरातून स्टूल आणून त्यावर बसले. बाईंनी ते पाहिलं, आणि मला वाटतं, तिथूनच त्यांचा नानांवर विश्वास बसला.

ठिपका आम्ही पाहिला. आम्ही बघत असताना तो हलला. म्हाताऱ्या माणसाचं बोट कापत कापत सरकावं तसा थोडा सरकला आणि थांबला.

मी रोज असे ठिपके बघते. तरी तेव्हा मी दोन पावलं मागे सरले, हे मी इथे सर्वांसमोर कबूल करते.

नानांनी घरातल्या इंटरनेटची पेटी बंद केली आणि स्वतःच्या मोबाइलवर, बाहेरच्या जोडणीनं, ते पान उघडलं. निळा ठिपका गेला होता. पेटी सुरू केली. थोड्या वेळानं ठिपका परत आला. मग त्यांनी घरातले सगळे फोन, सगळी यंत्रं टेबलावर गोळा करून बंद केली. नानांच्या मोबाइलवर ठिपका तिथेच.

“म्हणजे काय?” यजमानांनी विचारलं.

“म्हणजे जे काही आहे ते याच घरात आहे.”

यजमान खाली बसले. बाईंना मात्र त्या वाक्यानं बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आम्ही आजाऱ्याची खोली पाहिली, माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं. काही नाही. वडिलांचा टॅबलेट कुठे आहे, कुणालाच आठवेना. कुणा भाच्याला दिला असेल, असं दोघांनाही वाटत होतं.

मग नानांनी बाईंना विचारलं, “तो नेहमी कुठल्या फोटोवर असतो?”

“आधी माझ्या फोटोंवर असायचा. मी एखादा बघायला लागले की तिथे यायचा. परवापासून मात्र इथून हलत नाही. हलला तरी इथल्या इथेच.”

त्यांनी दाखवलेला फोटो वडिलांच्या कामाच्या खोलीचा होता. वडील हसत उभे, मागे हत्यारांचं लोखंडी कपाट. ठिपका वडिलांच्या चेहऱ्यावर नव्हता. कपाटाच्या खालच्या दारावर होता.

ती खोली अंगणाच्या बाजूला, बंदच असायची. यजमानांनी किल्ली आणली. कपाट उघडलं तसा एक गोडसर, डोक्यात जाणारा वास आला. खालच्या खणात वडिलांनी स्वतः बसवलेलं प्लगचं बोर्ड होतं, आणि त्यावर चार्जिंगला लावलेला टॅबलेट. त्याची पाठ पोळीसारखी फुगली होती, काच एका बाजूनं उचलली गेली होती. पडद्यावर तेच पान. वडिलांना पुन्हा पुन्हा उघडावं लागू नये म्हणून पडदा कधी बंदच होणार नाही अशी सोय बाईंनीच केली होती. शेजारी तेलाचे डबे आणि चिंध्या.

“मीच ठेवला होता,” यजमान म्हणाले. “त्यांची खोली आवरताना. आजारपणाआधी ते नेहमी इथेच चार्जिंगला लावायचे म्हणून लावला. नंतर डोक्यातून गेलंच.”

नानांनी सगळ्यांना मागे सारलं. मेन स्विच बंद केला, हाताला जाड कापड गुंडाळून टॅबलेट उचलला आणि अंगणात वाळूच्या बादलीत नेऊन ठेवला. थोड्याच वेळात त्यातून धूर आला, मग ज्वाळा. घराच्या भिंतीपासून लांब, उघड्यावर. आम्ही चौघंही बघत राहिलो. आणखी एक दिवस तो कपाटात राहिला असता तर? मी तो विचार पुरा करत नाही.

आत येऊन मेन स्विच आणि लॅपटॉप सुरू केला, पान उघडलं, तेव्हा आकडा होता एक.

बाई त्या आकड्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या भागात दोष नव्हता ना?”

“नाही.”

“मग तो हलायचा कसा?”

नानांनी समजावून सांगितलं. बॅटरी फुगली की आतून काचेला दाब देते, आणि टॅबलेटला वाटतं, कुणी बोट ठेवलं. असं होतं, आमच्या क्षेत्रात हे माहीत आहे.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या शिक्षिका आहेत, उत्तर अर्धं आहे हे त्यांना लगेच कळतं. “आणि कपाटावरच का?”

नानांना काहीही सांगता आलं असतं. योगायोग म्हणता आलं असतं, किंवा बाईंना जे ऐकायचं होतं ते म्हणता आलं असतं.

“ते मला माहीत नाही,” ते म्हणाले.

बाई त्यावर रडल्या. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा, असं यजमानांनी नंतर सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या शाळेत गेल्या. आज दोघंही तिसऱ्या रांगेत बसली आहेत. आपण दोघं आलात, बरं वाटलं.

मित्रहो, आजपासून नानांचं काम माझ्याकडे येत आहे. सूत्रं सोपवताना नानांनी मला एकेक तक्रार दाखवली. सगळ्या निकाली, फक्त ही एक उघडी. मी विचारलं, “नाना, ही बंद करून टाकू?”

ते म्हणाले, “सगळं कळलं असेल तर कर.”

मी ती उघडीच ठेवली आहे.

नाना, आपल्याला आणि काकूंना स्वस्थ, निवांत आयुष्य लाभो. अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी मनापासून ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. सांगताना कुणाच्या दुःखाला धक्का लागला असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर मला आपली समजून सांभाळून घ्यावं. मी थांबते. काकूंनी औषधाची डबी काढलेली आहे.