सर्वरची पूजा

सर्वरची पूजा पाहिली का कुणी? आमच्या लातूरच्या क्लासात झाली बघा.

मी अन् माझ्या उदगीरच्या दोस्तानं क्लाससाठी ॲप बनवलं होतं. लेक्चरच्या व्हिडिओचे तुकडे पोरांच्याच फोनमध्ये राहायचे अन् एक फोन दुसऱ्याला पुरवायचा. मधे सर्वरच न्हाई. दसऱ्याला फिजिक्सचे सर हार-नारळ घेऊन आले. वर्गात फोन दिसला की जप्त करणारा माणूस!

"सर्वर दाखवा, पूजा करायची हाय."

"सर, सर्वर न्हाई."

"मग तीन महिने काय करून राहिले होते?"

तेवढ्यात लाईट गेली. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद. सर म्हणले, "झालं! बुडालं लेक्चर!"

मी म्हणलं, "अहमदपूरला तुमची पुतणी ॲपवर लेक्चर बघती, तिला फोन लावा."

सरांनी लावला. "व्हिडिओ बंद पडला ना गं?"

"न्हाई काका, तुम्हीच शिकवून राहिले. ठेवा आता, मधे बोलू नका!"

सर उठले. कपाट उघडलं, जप्त केलेले सगळे फोन टेबलावर मांडले, कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला अन् पोरांना हाक मारली,

"या रे, आपापले सर्वर घेऊन जा!"