सुनेची ड्युटी

दामिनीची बाळंतपणाची रजा मंजूर झाली. पण अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत ही बातमी पोचायची होती, तेव्हा आपणही ती ऐकलीच नाही असं धरू. मागच्या सीटवरच्या देवमन नावाच्या अनोळखी प्रवाशाच्या कानात इयरफोन होते, पण गाणं त्यानं केव्हाच बंद केलं होतं. पुढे सासू-सून बसल्या होत्या, आणि सून बाळंतपणाचीच डॉक्टरकी शिकत होती.

“काहून वं दामिनी, मोठे सर रजेले काय म्हणे?”

“म्हणे, इतकी घाई काहून केली? शिक्षण झाल्यावर पाहिलं असतं.”

“मंग?”

“म्हटलं, सर, आता याले थांबवता येत नाही.”

“बराबर हाय. आपल्या घरचे कोनाचं आयकतच नाईत.”

“हसू नका, आई. सहा महिने रजा घेतली का शिक्षण सहा महिने लांबते. माह्या संगचे सारे परीक्षा देऊन मोकळे होतील, अन् मी मांगंच.”

“मंग लेकरू मांडीवर घेऊन पास होजो.”

“अन् डिलिव्हरीची जी तारीख मले देली, त्याच दिवशी ड्युटी लावून ठेवली माही.”

“कुठं?”

“बाळंतपणाच्या वॉर्डात.”

“मंग तं तू हजरच हाय ना वं!”

दामिनीनं फोन काढला आणि मोठ्यानं म्हणत टाइप करू लागली.

“महोदय, प्रसूतीच्या दिवशी मी प्रसूतिकक्षातच उपस्थित राहणार असल्याने तो दिवस रजेत न धरता माझी हजेरी लावावी...”

“लेकराचीबी टाक.”

“...तसेच त्या दिवशी नव्याने रुजू होणाऱ्या उमेदवाराचीही लावण्यात यावी, ही नम्र विनंती.”